०२५३ चा आवाज इंटरनेटवर

त्र्यंबक रस्त्याने सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत शिरा किंवा मुंबई-आग्रा महामार्गावरून अंबडकडे वळा, आणि जुन्या कारखान्यांच्या फाटकांवरच्या पाट्या निवांत वाचा. प्लॉट नंबर, कारखान्याचं नाव, खाली नाशिकचा कोड ०२५३ आणि पुढे सात आकडे. २३५ ने सुरुवात झाली की बहुधा सातपूर, २३८ ने झाली की अंबड. नव्वदच्या दशकात हेच नंबर सहा आकडी होते, पुढे सगळ्यांच्या आधी २ लागला.

यातले कितीतरी नंबर आता नुसते वाजत राहतात, उचलायला कोणी नसतं. खरा धंदा चालतो तो सेल्सच्या मुलाच्या मोबाइलवर, पर्चेसवाल्याच्या व्हॉट्सॲपवर आणि मालकाच्या दोन सिमकार्डांच्या फोनवर. तो मुलगा नोकरी सोडून शेजारच्या गाळ्यात गेला की गिऱ्हाइकाचा फोनही त्याच्यामागे शेजारच्या गाळ्यात जातो. कारखान्याने वीस वर्षांत जोडलेली माणसं एका राजीनाम्यासरशी तुटतात, आणि यात त्या मुलाचा काही गुन्हा नसतो, कारण नंबर त्याचाच होता. नाशिकच्या लघुउद्योगाला इंटरनेटवरची फोनव्यवस्था हवी आहे ती या कारणासाठी. विकायला येणारा माणूस बिल किती कमी होईल ते सांगतो, आणि ते कमी होतंही. पण फोन धंद्याच्या मालकीचा राहणं, याचं मोल बिलातल्या बचतीहून फार मोठं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

पूर्वी तो धंद्याच्याच मालकीचा होता, कारण दुसरा इलाजच नव्हता. ऐंशीच्या दशकापर्यंत फोन मिळवायचा म्हणजे वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी. घाई असेल त्याने ‘ओवायटी’, म्हणजे ‘ओन युवर टेलिफोन’ योजनेत अनामत भरायची आणि तरीही थांबायचं. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा. साधा, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि घंटीची वाट पाहत बसायचं. देशातली पहिली एसटीडी १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान सुरू झाली, पण ती सगळीकडे पोचायला फार काळ गेला. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली. तिच्यामागे सॅम पित्रोदांचा आग्रह होता. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला तिचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज लागलं. ते उन्हाळा आणि धूळ सोसणारं होतं, वातानुकूलित खोली न मागणारं होतं. हेच तंत्र परवान्याने देशी उत्पादकांना मिळालं, आणि नव्वदच्या दशकात ऑफिसची स्वतःची छोटी एक्स्चेंज, म्हणजे ईपीएबीएक्स, मध्यम कारखान्यांच्या भिंतींवर दिसू लागली.

चार बोर्डलाइन, चोवीस एक्स्टेंशन. शून्य दाबला की बाहेरची लाइन, नऊ दाबला की ऑपरेटर. ही ऑपरेटर ऑफिसातली सगळ्यात कमी पगाराची आणि सगळ्यात जास्त माहिती असलेली व्यक्ती असे. कोणत्या पार्टीचा फोन साहेबांना लगेच द्यायचा, कोणाला ‘साहेब शॉपफ्लोअरवर आहेत’ म्हणून थांबवायचं, कोणाचं पेमेंट अडकलंय म्हणून आवाज चढलाय, हे तिला आवाजावरून कळे. पुढे खर्च कपातीत हे पद गेलं. त्याबरोबर काय काय गेलं याचा हिशेब फारशा कारखान्यांनी मांडला नाही.

आणखी एक गोष्ट जुन्या फोनच्या तांब्याच्या तारेबरोबर गेली. टेलिफोनच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटरीचा ४८ व्होल्टचा प्रवाह यायचा. गावची वीज गेली तरी फोन चालू राहायचा. ही सोय इतकी अंगवळणी पडली होती की ती सोय आहे हेच लोक विसरले. नव्या व्यवस्थेत सगळ्यात आधी फटका बसतो तो इथेच.

इंटरनेटवरून आवाज कसा जातो, हे समजून घेतलेलं बरं, कारण पुढच्या सगळ्या तक्रारी त्यातूनच निघतात. आपला आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहिलं जातं. झाले सेकंदाला ६४,००० बिट. मग २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात भरतात, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. प्रत्येक पाकिटात १६० बाइट आवाज आणि वर पत्ता वगैरेचे ४० बाइट. सगळं धरून एका संभाषणाला एका दिशेने साधारण ८० ते ९० किलोबिट लागतात. एका वेळी दहा जण बोलत असले तरी एक मेगाबिटसुद्धा पुरी भरत नाही. नाशिकमध्ये आज फायबरची जी साधी जोडणी घरोघरी येते, तिच्यापुढे हा भार किरकोळ आहे.

अडचण भाराची नसते, वेळेची असते. लग्नाचं वऱ्हाड निरनिराळ्या गाड्यांनी निघालं तरी मांडवात वेळेवर आणि मानपानाच्या क्रमाने बसलं पाहिजे. तसं या पाकिटांचं आहे. एखादं रेंगाळलं की शब्द तुटतो, फार उशिरा आलं तर ते टाकूनच द्यावं लागतं. बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत दीडशे मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर माणसाला काही जाणवत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मानक सांगतं. त्यापुढे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात. आणि ऑफिसात कोणी डिझाइनची जड फाइल चढवत असेल, तर राउटरला ‘आवाजाला आधी वाट दे’ हे सांगून ठेवलेलं नसल्यास बोलणं हमखास तुटतं. इंटरनेटचा फोन वाईट म्हणून काढून टाकलेल्या ऑफिसांत बरेचदा दोष या एका राहून गेलेल्या सेटिंगचा असतो.

हे सगळं नवं वाटतं, पण ते पन्नास वर्षं जुनं आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये अमेरिकेतल्या अर्पानेटवर, आजच्या इंटरनेटच्या पूर्वजावर, डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातून मॅसॅच्युसेट्सला पाकिटांतून आवाज पाठवून दाखवला. त्याच वर्षाच्या अखेरीस आवाज फार थोड्या बिटांत बसवण्याची एक युक्ती या जाळ्यावर वापरून झाली. बोलताना पुढचा ध्वनी मागच्या ध्वनींवरून बराचसा ओळखता येतो, तेव्हा सगळा आवाज न पाठवता तो अंदाज बांधण्यापुरतीच माहिती पाठवावी, ही ती युक्ती. तिच्या जनकांत बेल लॅब्जमधले बिष्णू अटल होते. जन्म कानपूरचा, शिक्षण लखनौ आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. १९८५ साली त्यांनी आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी मांडलेली पुढची पद्धत आज कोट्यवधी मोबाइल फोनांच्या पोटात आहे. हे नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं.

लहान धंद्यासाठी महत्त्वाची घटना मात्र १९९९ ची. त्या वर्षी दोन संगणकांनी एकमेकांना ‘फोन वाजव, उचलला, ठेवला’ हे कसं सांगायचं, त्याचा एसआयपी नावाचा खुला करार मानक म्हणून प्रसिद्ध झाला. हेनिंग शुल्झरिन आणि मार्क हँडली त्याचे मुख्य कर्ते. त्याच वर्षी अमेरिकेत मार्क स्पेन्सर या तरुणाला स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी फोनची एक्स्चेंज हवी होती. ती परवडेना, म्हणून त्याने साध्या संगणकावर चालणारी लिहून काढली आणि सर्वांना मोफत दिली. तिचं नाव ॲस्टरिस्क. आज बाजारात ज्या ‘क्लाउड’ एक्स्चेंज म्हणून विकल्या जातात, त्यांच्यातल्या बऱ्याचजणींच्या पोटात हाच किंवा याच घराण्यातला प्रोग्राम असतो. म्हणजे हे तंत्र कोणा एका कंपनीच्या तिजोरीत बंद नाही. मालकाने हे लक्षात ठेवावं, विशेषतः समोरचा विक्रेता ‘हे फक्त आमच्याकडेच’ म्हणू लागला की.

मग १९९९ ला तयार असलेली वस्तू नाशिकच्या गाळ्यात यायला वीस वर्षं का लागली? तंत्र नव्हतं म्हणून नव्हे, कायदा आडवा होता म्हणून.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. इंटरनेटवरून बोलायला अधिकृत परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही अर्धी. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला. पण भारतातल्या साध्या फोनवर बोलायचं नाही. एसटीडी-आयएसडीच्या उत्पन्नावर दूरसंचार कंपन्यांचा आणि सरकारचा जीव होता. त्यात सुरक्षेचा प्रश्न होताच. कोण कुठून बोलतंय हे सापडलं पाहिजे, हा सरकारचा आग्रह चुकीचा नव्हता. जून २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यात दहशतवादविरोधी पथकाने आणि पोलिसांनी अनधिकृत टेलिफोन एक्स्चेंजवर छापे घातले. परदेशातून इंटरनेटने आलेले कॉल सिमकार्डांच्या पेटीतून स्थानिक मोबाइल कॉल म्हणून बाहेर सोडायचे, असा तो उद्योग. महसूलही बुडतो आणि कॉल कुठून आला तेही पुसलं जातं.

पण या भीतीची किंमत सरळमार्गी धंद्यांनी मोजली. नाशिकला कारखाना आणि पुण्याला ऑफिस असलेल्या कंपनीची दोन्ही ठिकाणं भाड्याच्या लाइनने जोडलेली असली, तरी नाशिकच्या लँडलाइनवर आलेला गिऱ्हाइकाचा फोन त्या लाइनवरून पुण्याच्या टेबलावर नेता येत नसे. तो ‘टोल बायपास’ ठरे. एकाच कंपनीत दोन जाळी आणि मधे भिंत. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, २००८ पासून मोकळीक द्या म्हणून सांगत होतं. १९ जून २०१८ ला परवान्यांत दुरुस्ती झाली आणि परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून देशातल्या कोणत्याही फोनला जोडून देण्याची मुभा मिळाली. पुढच्याच महिन्यात बीएसएनएलने ‘विंग्ज’ नावाची तशी सेवा आणली. नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ मध्ये कॉल सेंटरवरचे बहुतेक जाच गेले. त्याला करोनाचा धक्का लागावा लागला. मार्च २०२० मध्ये माणसं घरी बसून फोन घेऊ लागली आणि आभाळ कोसळलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

नाशिकला हा विषय परका नाही. १९९६ मध्ये ब्रिटिश एअरवेजचं मागचं ऑफिसकाम करायला मुंबईत सुरू झालेल्या डब्ल्यूएनएसने पुढे नाशिकला केंद्र काढलं. इथल्या मुलामुलींनी परदेशी गिऱ्हाइकांची कामं याच शहरात बसून केली. दुसरीकडे पीयूष सोमाणी यांनी २००५ साली सुरू केलेल्या ईएसडीएसचं मुख्यालय आणि डेटा सेंटर सातपूरच्याच औद्योगिक वसाहतीत आहे. सातासमुद्रापलीकडचा आवाज ऐकणारी माणसं आणि माहिती साठवणारी यंत्रं, दोन्ही या गावात आहेत. त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावरचा गाळेवाला मात्र अजून ‘साहेब बाहेर गेलेत, मोबाइलवर लावा’ म्हणतो. हे अंतर मला सलतं.

खरं म्हणजे तो गाळेवालाही नकळत इंटरनेटवरच बोलतोय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हापासून फोर-जीवरचा आवाज पाकिटांतूनच जातो. फायबरबरोबर मिळणारा ‘लँडलाइन’ फोन, मग तो खासगी कंपनीचा असो वा बीएसएनएलचा, तोही त्याच फायबरवरून एसआयपीने बोलतो. तांब्याची तार बऱ्याच ठिकाणी गेलीच आहे. प्रश्न उरतो तो त्या व्यवस्थेचा धंद्यासाठी नीट वापर करायचा की नाही एवढाच.

नीट वापर म्हणजे काय? पाटीवरचा एकच नंबर. तो लागला की स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स, जिथे हवा तिथे फिरतो. उचलला नाही तर दुसऱ्याकडे जातो, तिथेही नाही तर मोबाइलवर. सेल्सच्या मुलाने पुण्याहून फोन केला तरी गिऱ्हाइकाला कंपनीचाच नंबर दिसतो. कोणाचा फोन आला, कोणी घेतला, कोणाचा राहून गेला, याची नोंद राहते. राहून गेलेल्या फोनांची यादी रोज संध्याकाळी मालकाच्या समोर येणं, ही माझ्या मते या व्यवस्थेची सगळ्यात मोठी देणगी. सुटे भाग बनवणाऱ्या गाळ्यात एक न उचललेला फोन म्हणजे एखादी गेलेली ऑर्डर असू शकते.

सगळ्यांना हे लागतं असंही नाही. लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजारात लिलावाच्या ओळीत उभ्या असलेल्या कांदा व्यापाऱ्याला कानाशी मोबाइलच हवा. तिथे भाव मिनिटात फिरतो आणि समोरचा माणूस आवाजाने ओळखीचा असतो. त्याला ‘एक दाबा, दोन दाबा’ ऐकवणं म्हणजे धंद्याची माती करणं. दोन माणसांच्या वर्कशॉपलाही याची गरज नाही. पण दहा-पंधरा माणसं, दोन पाळ्या आणि बाहेरगावची गिऱ्हाइकं असली की गरज सुरू होते.

आणि सिंहस्थ तोंडावर आहे. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. पंचवटीतली लॉज, त्र्यंबकेश्वरची भक्तनिवासं, गाड्या भाड्याने देणारे, यांचा फोन त्या महिन्यांत क्षणभर थांबणार नाही. तांब्याच्या एका तारेवर एक बोलणं चालू असलं की दुसऱ्याला व्यस्त घंटी. इंटरनेटच्या जोडणीवर त्याच नंबरावर दहा, वीस बोलणी एका वेळी घेता येतात, आणि पर्वणी सरल्यावर ती संख्या कमीही करता येते. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नये. क्रमांक मिळणं, कागदपत्रं, चाचणी, यात वेळ जातो.

बसवताना धोके ओळखून बसवावं. वीज गेली की राउटर जातो, राउटर गेला की फोन जातो. फायबरची पेटी, राउटर आणि स्विच, तिन्ही इन्व्हर्टरवर असलेच पाहिजेत. नुसता फोन बॅटरीवर ठेवून उपयोग नाही. कारखान्यात अपघात झाला तर रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा ११२ मोबाइलवरूनच लावावा, कारण इंटरनेटच्या फोनचा माणूस नेमका कुठे आहे हे पलीकडे कळेलच असं नाही. आणि चोरी. एक्स्चेंजचा पासवर्ड विक्रेत्याने दिला तोच ठेवला, तर जगात कुठूनतरी कोणी रात्रीतून आत शिरतो आणि महागड्या परदेशी नंबरांवर तासन्‌तास कॉल लावून ठेवतो. सकाळी बिल मालकाच्या नावावर. परदेशी धंदा नसेल तर आयएसडी बंदच ठेवावी. यात चालढकल नको.

रेकॉर्डिंगचं भान तर हवंच. या व्यवस्थेत प्रत्येक बोलणं साठवता येतं, आणि हे सोपं आहे म्हणूनच जपून करायला हवं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. गिऱ्हाइकाचा आवाज, त्याचा नंबर, त्याने सांगितलेली अडचण, ही त्याची माहिती आहे. बोलणं साठवतोय हे आधी सांगावं, कामापुरतं ठेवावं, मग पुसावं. कामगारांनाही ते ठाऊक असावं. आपल्या ऑफिसातली मुलगी दिवसभर काय बोलली हे चोरून ऐकण्यासाठी ही व्यवस्था कोणी घेत असेल तर त्याने ती घेऊ नये.

मराठीचं मात्र मला आवर्जून सांगायचं आहे. मोठ्या कंपन्यांच्या फोनवर मराठीसाठी दोन-तीन बटणं दाबत जावं लागतं, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. सरकारची किसान कॉल सेंटर सेवा २१ जानेवारी २००४ पासून शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलते, म्हणजे हे अशक्य नाही. आणि स्वतःची एक्स्चेंज असली की पहिला आवाज कोणत्या भाषेत असावा हे ठरवणारे आपणच. निफाडचा द्राक्षबागायतदार फवारणी पंपाचा सुटा भाग मागायला फोन करतो तेव्हा त्याला आधी मराठी ऐकू यावी. तीही यंत्राने वाचलेली नको, ऑफिसातल्याच कोणाच्या तरी आवाजातली, इथल्या बोलण्याच्या लयीतली. रेकॉर्ड करायला दहा मिनिटं लागतात.

राहिली शेवटची गाठ, आणि ती गाळेवाल्याच्या एकट्याच्या हातात नाही. मोबाइलचा नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. लँडलाइनच्या नंबराला ती आजही नाही. तीस वर्षं पाटीवर, लेटरहेडवर, बिलबुकावर छापलेला ०२५३ चा नंबर घेऊन दुसऱ्या कंपनीच्या इंटरनेट जोडणीवर जाता येत नाही. जुनी कंपनी सोडली की नंबर सोडायचा. म्हणूनच कितीतरी कारखाने जुनी मुकी लाइन महिन्याचं भाडं भरत नुसती धरून ठेवतात, नाहीतर नंबर सोडून देऊन सेल्सच्या मोबाइलवर जगतात. ट्राय आपल्या प्रस्तावांवर जनतेकडून लेखी म्हणणं मागवतं आणि कोणीही ते पाठवू शकतं. सातपूरच्या ‘निमा’ आणि अंबडच्या ‘आयमा’ या उद्योजक संघटनांनी विजेच्या दरासाठी, रस्त्यांसाठी जसा पाठपुरावा केला, तसा या एका मागणीसाठी करावा: लँडलाइनचा नंबर ज्याचा त्याला बरोबर नेता आला पाहिजे. आणि तोवर कोणत्याही कंपनीच्या करारावर सही करण्याआधी, नवा नंबर कोणाच्या नावावर राहणार आहे, हे प्रत्येक मालकाने कागदावर लिहून मागावं.